भिंतीवरचा गोल

"घाबरू नका सायेब, पोरं तुमच्या गोलातच बसवल्यात," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी येसूनानांच्या भिंतीकडे बोट केलं.

तीन आठवडे कचेरीत काढून मी नुकताच एसटीतून उतरलो होतो. खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. दाराच्या उजव्या हाताला, चुना दिलेल्या भिंतीवर, ताटाएवढा गेरूचा गोल होता. तो मीच काढलेला. आतून बावीस पोरांचा गलका येत होता.

"इथं कशी आली पोरं?" मी विचारलं. "तुमची शेड होती की."

"शेडीला तुमी एक रेघ मारून गेला. काट मारलेल्या जाग्यात लोकांची पोरं बसवू व्हय मी? नानांनी आपणहून सोपा मोकळा करून दिला. म्हणालं, माझ्या घराला गोल मिळालाय, आणा पोरं हिकडं."

हौसाबाई तळदऱ्याच्या अंगणवाडीच्या बाई. सातवी शिकलेल्या, तिशीच्या, बोलायला फटकळ. बावीसपैकी कुणाचं नाक वाहतंय हे मान न वळवता सांगायच्या. पोरांच्या बाबतीत त्यांनी कधी हयगय केली असेल असं मला वाटत नाही. हेही त्यांनी पोरांच्या भल्यासाठीच केलं होतं. फक्त त्या गोलाचा अर्थ असा होता, की भूकंप आला तर हे घर पडणार.

ही चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, वर्ध्याहून आलेला, आणि तळदऱ्याच्या टेकडीवर एका खोलीत भूकंप मोजत बसलेला असायचो. धरणाच्या वरच्या अंगाला असलेलं हे दीडशे उंबऱ्यांचं गाव. तिथं जमीन हलणं म्हणजे पाहुणा येण्याइतकं नेहमीचं. खोलीत एक यंत्र होतं, त्याच्या फिरत्या पिंपावर कागद गुंडाळलेला असायचा आणि त्यावर एक बारीक टाक रेघ ओढत राहायचा. रोज सकाळी आठला मी कागद बदलायचो, हादरे मोजायचो, वहीत लिहायचो. शनिवारी ते सगळं पाकिटात घालून, लाखेचं सील लावून, वर 'गोपनीय' असा शिक्का मारून कचेरीला पाठवायचो. गावानं माझं नाव हादरेसाहेब ठेवलं होतं. ठवरे हे माझं खरं आडनाव तिथं पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नसावं.

"सायेब, पहाटंचा कितीचा हुता वं?" पाणंदीत भेटेल तो विचारायचा.

"कचेरीला विचारा," मी म्हणायचो.

कचेरी चाळीस मैलांवर. कोण विचारणार? हादऱ्यावर सगळं गाव एकमेकांशी बोलायचं. कुणाची मडकी वाजली, कुणाची म्हैस दावं तोडून पळाली, याच्या गप्पा पारावर दिवसभर चालायच्या. मी जवळ गेलो की त्या थांबायच्या. गावात ज्याला नक्की माहीत होतं तो एकटाच गप्प होता. असा एकटेपणा मला नंतर कुठंही भेटला नाही, आणि मी पुष्कळ ठिकाणी एकटा राहिलोय.

आदल्या वर्षी लातूरकडे मोठा भूकंप झाला आणि कचेऱ्यांना जाग आली. मला हुकूम आला, गावातलं प्रत्येक घर बघा, ते कशाचं आहे आणि जोरात हललं तर त्याचं काय होईल ते तक्त्यात भरा. भिंतीवर खूण करा. एक रेघ म्हणजे घर टिकेल. दोन रेघा म्हणजे तडे जातील. गोल म्हणजे घर पडेल. आणि खाली अधोरेखित केलेली ओळ होती, की भिंतीवर अक्षर लिहू नये व खुणांचा अर्थ ग्रामस्थांस सांगू नये, घबराट पसरेल.

मार्चमध्ये मी एकेचाळीस गोल काढले. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण तसंच झालं, की गावातली सगळी मोठी, देखणी, दगडी घरं गोलात गेली. दीड हात रुंदीची दगडमातीची भिंत डोळ्यांना भक्कम दिसते. पण तिचे आतले दगड आणि बाहेरचे दगड एकमेकांना धरून नसतात, मध्ये नुसती माती असते. हलायला लागली की ती पोट काढते आणि वरचं जड लाकूड, कौलं, सगळं खाली घेऊन बसते. उलट कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली गरिबाची झोपडी डुलते आणि उभी राहते. तिला मी एक रेघ मारली.

रेघ मारलेल्यांना वाटलं, सरकारनं आपल्याला काट मारली.

"आणि गोल म्हणजे चांगलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी हौसाबाईंना विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? मळणी झाली की राशीभोवती राखंचं रिंगण काढत्यात. रास राखली जावी म्हणून. तसंच हे. सगळ्या गावाला ठावं हाय." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "का वं? तसं न्हाई का?"

मी म्हणालो, "नाना कुठं आहेत?"

येसूनाना शेलार सोप्यात पोरांच्या मधोमध मांडी घालून बसले होते. एक पोरगी त्यांच्या पाठीला रेलली होती, दुसरा त्यांच्या मिशीचं टोक ओढून बघत होता. नाना पासष्टीचे, विधुर. दोन्ही मुलगे मुंबईला, शिमग्याला आले तर आले. चौदा खणांच्या त्या घरात नाना एकटेच राहायचे आणि मोठ्यानं बोलायचे, भिंतींशी, मांजराशी, कुणाशीही.

मला पहिल्यांदा जेवायला बोलावणारे तेच. मी आलो त्याच्या दुसऱ्या महिन्यात ते टेकडी चढून आले आणि म्हणाले, "लेका, तू बी एकटा, मी बी एकटा. दोन चुली कशाला पेटवायच्या?" तेव्हापासून दुपारची भाकरी मी त्यांच्याकडे खायचो. ते मला कधी हादऱ्याबद्दल विचारायचे नाहीत. वर्ध्याबद्दल विचारायचे, माझ्या आईबद्दल, संत्र्याची बाग कशी असते ते. जेवताना मी दाराशी बसायचो, तिथं वारा बरा लागतो म्हणून.

"आला का रं?" नाना पोरांच्या गर्दीतून ओरडले. "बघ, घर कसं भरलंय! आता तुला आत जागा न्हाई. तुझी दारातली हाय तेवढी."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी त्या घरात शेवटचा पाळणा हलला होता. मी तोंडभर हसलो, पिशवी खाली ठेवली आणि वर पाहिलं. आढ्याच्या सागवानी तुळया माणसाच्या कमरेएवढ्या जाड होत्या.

एक वाजता पोरं घरी गेली. हौसाबाई खिचडीचं पातेलं घासायला विहिरीवर गेल्या. नाना भाकरी टोपल्यात ठेवत होते.

"नाना, एक सांगायचंय," मी म्हणालो. "पोरं इथं बसवायला नकोत."

"का? दंगा करत्यात व्हय? करू दे की."

"तसं नाही. तो गोल आहे ना, त्याचा अर्थ वेगळा आहे. भूकंप मोठा झाला तर हे घर पडेल. शेड टिकेल, हे पडेल."

नानांनी भाकरी टोपल्यात ठेवली. वर फडकं टाकलं, चारी टोकं नीट दुमडली.

"हे माझ्या बापानं बांधलंय," ते म्हणाले. "डोंगरातनं एकेक दगड गाड्यावर आणला. सदुसष्टाला केवढा धक्का बसला, धा कौलं पडली निस्ती."

"तो लांबून आला होता. जवळ झाला तर…"

"थांब." नानांनी हात वर केला. "म्हंजे त्ये रिंगण न्हवं?"

"नाही."

"त्या दिवशी मी तुला इचारलं हुतं."

आता हे मी तळदऱ्याबाहेर आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे नीट सांगतो. मार्चमध्ये ज्या दिवशी मी नानांच्या भिंतीवर गोल काढला, त्या दिवशी गेरूची वाटी नानांनीच धरली होती. वाटीही त्यांचीच, पितळेची. गोल पुरा झाल्यावर ते दोन पावलं मागं सरले, मान तिरपी करून बघत राहिले आणि म्हणाले, "काय रं, राशीला काढत्यात तसं रिंगण काढलंस की! घर राखलं माझं?" मी अक्षर लिहिलं नाही. अर्थ सांगितला नाही. हुकूम तंतोतंत पाळला. मी फक्त मान हलवली. हुकमात मान हलवू नये असं कुठं लिहिलं होतं? दुपार झाली होती, आत पिठलं शिजत होतं, आणि साऱ्या गावात मला बोलावणारं ते एकच घर होतं. नानांनी ते संध्याकाळी पारावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाला गोलाचा अर्थ ठाऊक झाला.

"मी इचारलं आन तू मान हलवलीस," नाना म्हणाले.

"हो."

"आन त्याच्या फुडं किती दीस हितं जेवलास?"

नानांनी दाराकडे पाहिलं. माझा पाट उंबऱ्याला टेकून उभा होता.

"म्हणून दारात बसायचास तू," ते हळू म्हणाले. "मार्चापासनंच. आदी माझ्या शेजारी बसायचास. मी आपला सांगत सुटलो गावाला, सायबाला वारं लागतं म्हणून."

खरं होतं ते. वाऱ्याचं मी स्वतःलाही इतकं पटवलं होतं, की मघाशी तेच लिहून गेलो. गोल काढल्यापासून मी त्या घरात आत पाय टाकायला भीत होतो. हलायला लागलं तर एका ढांगेत बाहेर पडता यावं म्हणून उंबऱ्याशी बसायचो. आणि नाना आत, चुलीपाशी, मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि मला म्हणायचे, आणखी एक घे.

"नाना, चूक झाली माझी."

"सायेब," नाना म्हणाले, "तुमी आता जावा."

दीड वर्षात ते मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाले. मी उठलो. उंबऱ्यातून बाहेर पडताना त्यांचा आवाज मागून आला, अगदी वेगळा, आर्जवाचा. "पोरांचं तेवढं कुणाला बोलू नका. मी ओट्यावर बसवीन त्यास्नी. पावसाळा येस्तवर तरी."

मी विहिरीवर गेलो. हौसाबाईंना सगळं सांगितलं, मान हलवल्याचंही. त्या पातेलं घासत होत्या ते थांबल्या. मला वाटलं, आता पातेलं माझ्या डोक्यात येणार.

"पोरं उद्याच शेडीत नेते," त्या म्हणाल्या. "पर मला एकटीला सांगून तुमी सुटला असं समजू नका. तुमी तीन आठवडे नव्हता. त्यात दोनदा जोरात हाललं. कूडवाली समदी माणसं, पोरंबाळं घिऊन, गोलाच्या घरात निजायला जात्यात आता. तुमच्या रेघेला भिऊन. तेंचं काय?"

हे मला माहीत नव्हतं. मी तिथल्या दगडावर बसलो. टिकणाऱ्या घरांतली माणसं उठून पडणाऱ्या घरांत निजायला जात होती, आणि त्यांना तिकडे मी धाडलं होतं.

"तक्ता सील करून दिला," मी म्हणालो. "माझ्याकडे यादीही नाही."

"यादी कशाला हवी? समद्या भिंतींवर लिहिलंय की. कुणाला वाचता येत न्हाई एवढंच."

नोकरी अजून पक्की झाली नव्हती. घरी आई होती, तिचा जीव त्या नोकरीत अडकलेला. मी त्या दुपारी टेकडीवर जाऊन यंत्रासमोर बसलो. टाक सरळ रेघ ओढत होता. एखाद्या मोठ्या हादऱ्यानं ती वाकडी व्हावी आणि माझ्यावरचा निर्णय टळावा असं क्षणभर वाटलं. मग मीच शरमलो.

दुसरा दिवस बाजाराचा. चावडीची भिंत गावातली सगळ्यांत रुंद आणि नुकती सारवलेली. मी नानांच्याच वाटीत गेरू कालवला, ती माझ्याकडेच राहिली होती. सकाळी नऊच्या उन्हात, भाजीवाल्यांच्या आणि गुरांच्या गर्दीत, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं:

एक रेघ: घर टिकेल.
दोन रेघा: तडे जातील.
गोल: घर पडेल. आत निजू नका.
येसू शेलार यांना मी खोटी मान हलवली. चूक माझी. श्री. ठवरे.

शेवटची ओळ जरा वाकडीच आली. मागे वळलो तेव्हा पन्नासेक माणसं उभी होती. वाचता येणारी त्यात थोडीच होती. तेव्हा हौसाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पोरांना शिकवतात तशा खड्या आवाजात एकेक ओळ वाचली. दोनदा.

पहिल्यांदा एक कुडातली म्हातारी हसली. "म्हंजे आमचं खोपटं पास व्हय?" तिला आधी थट्टाच वाटली. मग गोलवाले बोलायला लागले. एकाची सून बाळंतपणाला येणार होती, तिच्या माहेरी काय सांगू म्हणाला. एकानं मला विचारलं, ह्यो शाप कुणाच्या सांगण्यावरून दिलास. एकजण नुसताच ओरडत होता, इतके दीस काय गिळून बसला हुतास?

नाना गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव त्यांनी ऐकलं होतं. ते भिंतीकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मग पाठ फिरवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत एकेचाळीसपैकी तीसेक गोल शेणानं सारवून गेले होते. पण कूडवाली माणसं त्या दिवसापासून आपापल्या घरी निजायला लागली, हे मी टेकडीवरून मोजलं. मोजणं हेच तर माझं काम होतं.

आठ दिवसांत कामावरून काढल्याचा कागद आला. दुसऱ्या माणसाच्या हाती किल्ली देऊन मी निघालो. जाताना नानांच्या घरी गेलो. पोरं नव्हती, दार आतून लावलेलं, भर दुपारी. आत मांजराशी बोलण्याचा आवाज येत होता. मी कडी वाजवली तसा तो थांबला. "नाना, निघालोय," मी म्हणालो. दार उघडलं नाही. गेरूची वाटी घासून आणली होती, ती मी उंबऱ्यावर ठेवली. एसटीत बसेपर्यंत मागे वळून बघत होतो, याची लाज वाटत नाही.

पुढं मी बऱ्याच नोकऱ्या केल्या. शेवटी एका अशा कामात पडलो, जे माझ्यासाठीच निघालं असावं. जगातलं कुठलंही गाव उघडा, तिथली घरं कशाची आहेत आणि जमीन हलली तर त्यांचं काय होईल, ते कुणालाही, फुकट, बघता यावं, असा नकाशा. त्याला कुलूप नाही, शिक्का नाही. देशोदेशींची माणसं त्यात आपापली गावं भरतात. प्रत्येक पानावर खुणांचा अर्थ तिथल्या लोकांच्या भाषेत लिहिलेला हवा, यासाठी मी इतक्या वेळा भांडलो, की बैठकीत मी तोंड उघडलं की लोक हसतात. त्यांना कारण ठाऊक नाही. त्या नकाशावर मी डोंगरापलीकडची कितीतरी गावं भरली. तळदऱ्याचा चौकोन मात्र पांढराच ठेवला. कुणाला तरी पाठवू, म्हणत राहिलो. कुणाला पाठवलं नाही.

लग्न केलं नाही. जेवायला बसताना दाराशी बसायची सवय राहिली. खाणावळीत, लोकांच्या घरी, बहिणीच्या मुलाच्या लग्नातसुद्धा.

सव्वीस वर्षांनी मी तळदऱ्याला गेलो. हौसाबाईंचे केस पांढरे झाले होते, जीभ तीच होती.

"हादरेसायेब! वाट चुकला का यंत्र बिघडलं?"

"नाना?"

"नऊ वर्सं झाली की," त्या म्हणाल्या. "चला."

येसूनानांचं घर उभं होतं. कौलं सरकली होती, दाराला कुलूप होतं, पण भिंती जशाच्या तशा होत्या. आणि दाराच्या उजव्या हाताला गेरूचा गोल होता, ताजा वाटावा इतका लाल.

"पडलं न्हाई बगा अजून तुमचं घर," हौसाबाई म्हणाल्या.

"न पडो."

"नाना दर दिवाळीला चुना द्यायचं, आन गोल गिरवायचं. हाताला कंप सुटला तरी सोता. आता मी गिरवते. पोरांना म्हणायचं, हितनं आत पाय टाकायचा न्हाई, ह्ये सायबानं तपासलंय."

"पोरांना? कुठल्या पोरांना?"

त्यांनी मला परसात नेलं. तिथं एक लांबलचक खोली होती, कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली, वर हलका पत्रा. खिडक्या मोठ्या, दारं दोन.

"तुमी गेला आन आठव्या दिवशी नाना कोयता घिऊन डोंगरात गेलं. मिरगाच्या आत ही उभी केली. सोता लिंपली. माझ्याकडं आलं आन म्हणालं, आता तर दिशील पोरं? अकरा वर्सं हितं अंगणवाडी भरली. रातचं सोता बी हितंच निजायचं. त्या घरात पुन्यांदा पाठ टेकली न्हाई त्यांनी."

त्या अकरा वर्षांत गावात एकही मोठा भूकंप झाला नव्हता. मी खरं बोललो होतो याचा एकही पुरावा जमिनीनं नानांना दिला नव्हता. एकदा मी त्यांच्याशी खोटं वागलो होतो, आणि तरीही त्यांनी बापाचं घर सोडून माझ्या शब्दावर कूड बांधला होता.

"मला कळवायचं तरी," मी म्हणालो.

"मी गेले हुते की कचेरीत पत्ता मागायला. म्हणालं, माणसांचे पत्ते गोपनीय असत्यात." हौसाबाई हसल्या नाहीत. "नाना म्हणायचं, तेला माझा राग आला असंल, दार उघडलं न्हाई म्हणून. पर ईल. कामाचा माणूस हाय, काम आर्धं टाकून ऱ्हायचा न्हाई."

"कुठलं काम?"

त्यांनी कुडाची भिंत दाखवली. दाराच्या उजव्या हाताला, जिथं खूण असते तिथं, काही नव्हतं. नुसतं सारवण.

"मी म्हणलं, नाना, एक रेघ तर मारायची, मी मारते. नगं म्हणालं. गोल मी निस्ता गिरवतो, काढला त्यानं. रेघ बी त्येच काढंल. आत येऊन बगंल, मंग काढंल."

हौसाबाईंनी वळचणीत हात घातला आणि वाटी काढली. पितळेची, तीच. तळाशी गेरू वाळून भेगाळला होता. त्यांनी रांजणातलं पाणी ओतलं, बोटानं ढवळलं आणि वाटी धरून उभ्या राहिल्या, तशीच, जशी नाना उभे होते.

मी खोली बघितली. मेढी हलवून पाहिल्या, कूड चाचपला, पत्र्याची बांधणी वर चढून तपासली. घाई केली नाही. मग बोट बुडवलं आणि दाराच्या उजव्या हाताला एक उभी रेघ मारली.

"बसा, भाकरी आणते," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाट उंबऱ्याशी मांडला. "दारातच ना? तुमाला वारं लागतं, नाना सांगायचं."

मी पाट उचलला. खोलीच्या पार आत गेलो, मागच्या भिंतीला पाठ लावली आणि तिथं बसलो.

"आन तिथं कुठं कोपऱ्यात वं?"

"इथंच बरंय," मी म्हणालो.